गोल्टी म्हणजे कोवळा कांदा का? – प्रयोगशाळेत वाढवलेल्या श्वान पेशींची अवस्था कशी ओळखतात



३० जानेवारीला आपण सगळेच शाळेत कुष्ठरोगाची प्रतिज्ञा घेतो. प्रतिज्ञा होते, मुलं रांगेने वर्गात जातात आणि आपण पुढच्या तासाला लागतो. यंदा मात्र नववीतल्या एका मुलीने हात वर केला. "मॅडम, कुष्ठरोग कातडीचा रोग आहे ना? मग चटका बसलेला कळत का नाही? कातडी तर तिथेच असते."

प्रश्न चांगला होता. मी सांगितलं, की कुष्ठरोगाचे जंतू कातडीत राहतात तसे चेतांमध्येही शिरतात, आणि तिथे चेतांना सांभाळणाऱ्या पेशींमध्ये घर करतात. त्यावर दुसरा प्रश्न आला. "मग ती पेशी चांगली आहे की बिघडलेली, लहान आहे की मोठी झालेली, हे शास्त्रज्ञांना दिसतं का?"

त्या तासाला मला नीट उत्तर देता आलं नाही. नंतर वाचलं, टिपणं काढली, आणि दोन तासांत हा पाठ घेतला. नववी-दहावीच्या मुलांना झेपतो. पालकांनीही वाचावा असं वाटतं, कारण शेवटी जे सांगायचं आहे ते घरातलंच आहे.

१) सुरुवात कांद्यापासून

आमचं गाव लासलगाव. इथल्या मुलांना कांद्याचं काही शिकवावं लागत नाही, तीच आपल्याला शिकवतात. म्हणून मी फळ्यावर एकच प्रश्न लिहिला: गोल्टी म्हणजे कोवळा कांदा का?

वर्ग एका सुरात म्हणाला, "नाही!" मग कारणं आली. गोल्टी आकाराने लहान असते, पण तिची मान वाळून बारीक झालेली असेल आणि पत्ती चांगली सुटलेली असेल, तर ती पूर्ण तयार झालेली असते. उलट एखादा कांदा चांगला मोठा दिसतो, पण त्याची मान जाड आणि ओली असते. तो अजून तयार नाही. असा कांदा चाळीत टाकला तर तो सडतो आणि शेजारच्यांनाही सडवतो. वावरात साधारण निम्म्या माना पडल्या की काढणी करायची, हे तर घरोघरी माहीत असतं.

म्हणजे काय, तर कांद्याची अवस्था आकारावरून ठरत नाही. मान, पात, पत्ती हे सगळं एकत्र बघावं लागतं. आणि खरी परीक्षा चाळीत होते. टिकला तर तयार होता, सडला तर नव्हता.

आणखी एक उदाहरण आपल्या गावातच आहे. भाभा अणुसंशोधन केंद्राने २००२ साली लासलगावात 'कृषक' हे विकिरण केंद्र सुरू केलं. कृषि उत्पादन संरक्षण केंद्र असं त्याचं पूर्ण नाव. तिथे कांद्याला गॅमा किरण ठरावीक मात्रेत देतात. त्यामुळे कांद्याच्या आतल्या कोंबातल्या पेशींचं विभाजन थांबतं आणि कांद्याला कोंब फुटत नाहीत. आता एक विकिरण केलेला आणि एक न केलेला कांदा शेजारी ठेवा. बाहेरून ओळखता येईल? नाही येणार. काही महिन्यांनी एकाला कोंब येईल, दुसऱ्याला येणार नाही, तेव्हा कळेल.

हे दोन्ही मुद्दे वहीत लिहून ठेवायला सांगा. एक, एका खुणेवर अवस्था ठरवू नये. दोन, शेवटचा निकाल काम देतं. पुढचा सगळा पाठ या दोन ओळींवरच उभा आहे.

२) श्वान पेशी म्हणजे काय?

चेतापेशीला एक लांब शेपूट असते. तिला आपण अक्षतंतू म्हणतो. कमरेपासून पायाच्या अंगठ्यापर्यंत जाणारा अक्षतंतू मोठ्या माणसात सुमारे एक मीटर लांब असू शकतो. एवढी लांब, नाजूक तार एकटी राहू शकत नाही. मेंदू आणि मेरुरज्जूच्या बाहेर, म्हणजे हातापायांतल्या चेतांमध्ये, तिला सांभाळणाऱ्या ज्या मुख्य पेशी असतात त्या श्वान पेशी. थिओडोर श्वान या जर्मन शास्त्रज्ञाचं नाव त्यांना मिळालं आहे. १८३९ साली 'प्राण्यांचं शरीरही पेशींचंच बनलेलं असतं' हे मांडणारा तोच हा श्वान. मुलांना पेशी सिद्धांतात हे नाव भेटलेलं असतं, तेव्हा इथे आठवण करून द्या.

श्वान पेशी मुख्यतः दोन प्रकारे काम करतात.

पहिला प्रकार मायलिनवाल्या पेशींचा. अशी एक पेशी एकाच अक्षतंतूच्या एका तुकड्याभोवती पुन्हापुन्हा गुंडाळली जाते आणि मायलिनचं जाड आवरण तयार करते. त्यामुळे संदेश उड्या मारत जातो. जाड मायलिनच्या तंतूतून त्याचा वेग सेकंदाला १०० मीटरच्या आसपास पोहोचतो.

दुसरा प्रकार रेमाक पेशींचा. ही पेशी मायलिन करत नाही. अनेक बारीक अक्षतंतूंना ती आपल्या कुशीत वेगवेगळ्या खोबणींत धरून ठेवते. या बारीक तंतूंतून संदेश सेकंदाला साधारण १ मीटर या संथ वेगाने जातो. चटका, दुखणं, गरम-गार यांचे बरेच संदेश अशाच बारीक तंतूंतून जातात. कुष्ठरोगात गरम-गार कळण्याची जाणीव बहुतेक वेळा आधी का जाते, याचा धागा इथे आहे.

३) एका पेशीचा प्रवास

गर्भात श्वान पेशी एकदम तयार होत नाही. उंदरांवर केलेल्या अभ्यासातून तिच्या पायऱ्या कळल्या आहेत. लंडनमधल्या येसेन आणि मिर्स्की या शास्त्रज्ञांचं या विषयातलं काम फार मोलाचं आहे.

- पूर्वज पेशी: रॅट जातीच्या उंदराच्या गर्भात १४-१५ व्या दिवशी चेतांमध्ये या पेशी दिसतात.
- अपरिपक्व श्वान पेशी: १७-१८ व्या दिवसापर्यंत पूर्वज पेशींच्या या पेशी झालेल्या असतात.
- प्रौढ पेशी: जन्माच्या सुमारास आणि नंतर अपरिपक्व पेशींची वाट फुटते. जिच्या वाट्याला जाड अक्षतंतू येतो ती मायलिनवाली होते, जिच्या वाट्याला बारीक तंतू येतात ती रेमाक होते. म्हणजे पेशी काय होणार हे तिला कोण सोबती मिळाला यावरही ठरतं.
- दुरुस्तीची पेशी: प्रौढ झाल्यावर प्रवास संपला असं नाही. चेता कापली किंवा चेंगरली गेली, की श्वान पेशी आपलं मायलिन सोडून देतात, मोडतोडीचा कचरा उचलतात, लांबट होऊन एकामागे एक रांगेत उभ्या राहतात आणि नव्याने वाढणाऱ्या अक्षतंतूला वाट दाखवतात. चेता दिवसाला साधारण १ मिलिमीटर या गतीने पुन्हा वाढते, ती या वाटेने.

हा शेवटचा मुद्दा मुलांना फार आवडतो. कांद्याची पात एकदा पडली की उभी राहत नाही. श्वान पेशी मात्र मोठी झाल्यावरही गरज पडली तर आपलं रूप बदलते.

४) बशीत वाढवताना काय होतं?

या पेशींचा अभ्यास करायचा, तर त्या शरीराबाहेर जगवाव्या लागतात. चेतेचा लहान तुकडा घ्यायचा, विकरांनी तो सैल करायचा, पेशी सुट्या करायच्या आणि बशीत पोषक द्रावणात, ३७ अंश सेल्सिअसच्या उबेत ठेवायच्या. ऐकायला सोपं आहे. पण दोन अडचणी येतात.

पहिली अडचण तणाची. चेतेच्या तुकड्याबरोबर तंतुजनक पेशीही येतात. त्या भराभर वाढतात आणि काही दिवसांत बशी व्यापून टाकतात. १९७९ साली लंडनमधल्या ब्रॉक्स, फील्ड्स आणि रॅफ यांनी नवजात रॅटच्या चेतांमधून श्वान पेशी शुद्ध करण्याची पद्धत दिली. त्यांनी विभाजन पावणाऱ्या पेशींना मारणारं औषध वापरलं. बशीत श्वान पेशी फारशा विभागत नव्हत्या, तंतुजनक पेशी सतत विभागत होत्या. औषधाने तण मेलं, पीक राहिलं. उरलेल्या तंतुजनक पेशी त्यांच्या अंगावरची खूण धरणाऱ्या प्रतिपिंडांनी काढल्या. खुरपणीच म्हणा ना.

दुसरी अडचण जास्त अवघड आहे. बशीत अक्षतंतू नाही. सोबती सुटला, की श्वान पेशी 'चेता तुटली' असं समजल्यासारखी वागते. प्रौढ प्राण्याच्या चेतेतून काढलेली मायलिनवाली पेशीसुद्धा बशीत काही दिवसांत मायलिन सोडते आणि तिचं रूप बदलतं. त्यामुळे 'प्रौढ चेतेतून काढली म्हणून ती प्रौढ पेशी' असं म्हणता येत नाही. बशीत आत्ता जी आहे तिची अवस्था नव्याने ओळखावी लागते.

५) खुणा कशा बघतात?

साध्या सूक्ष्मदर्शकाखाली श्वान पेशी लांबट, दोन टोकांना निमुळती, तकलीवरच्या सुतासारखी दिसते. तंतुजनक पेशी पसरट दिसते. पण आकार फसवतो, हे गोल्टीने आपल्याला आधीच शिकवलं आहे.

म्हणून पेशीच्या आतली प्रथिनं बघतात. प्रत्येक अवस्थेत पेशी काही ठरावीक प्रथिनं बनवते. एखाद्या प्रथिनाला अचूक जाऊन चिकटणारा प्रतिपिंड घ्यायचा आणि त्याला चकाकणारा रंग जोडायचा. खास सूक्ष्मदर्शकाखाली जिथे प्रथिन असेल तिथे हिरवा किंवा लाल प्रकाश दिसतो. सगळ्या केंद्रकांना निळा रंग देतात, म्हणजे एकूण पेशी किती हे मोजता येतं. निळे ठिपके शंभर आणि त्यांपैकी हिरव्या पेशी नव्वद, तर ती खूण नव्वद टक्के पेशींमध्ये आहे.

इथे मुलांना एक गोष्ट जरूर विचारा: "हिरवं दिसलं म्हणजे प्रथिन आहेच कशावरून?" रंग उगीचच कुठेतरी चिकटला असेल तर? म्हणून शेजारी आणखी एक बशी ठेवतात. तिच्यात मुख्य प्रतिपिंड टाकतच नाहीत, बाकी सगळं तेच करतात. तिथेही हिरवं दिसलं, तर पहिल्या बशीच्या हिरव्यावर विश्वास ठेवायचा नाही. आपण प्रयोगात 'नियंत्रित संच' शिकवतो, तोच हा.

आता मुख्य खुणा बघू. नावं परकी आहेत, पाठ करायची नाहीत. फक्त 'आहे' आणि 'नाही' बघा.

- पूर्वज पेशी: सॉक्स-१० आहे, पी-७५ आहे, एस-१०० नाही.
- अपरिपक्व श्वान पेशी: सॉक्स-१० आहे, पी-७५ आहे, एस-१०० आहे, जीएफएपी आहे.
- मायलिनवाली पेशी: सॉक्स-१० आहे, एस-१०० आहे, क्रॉक्स-२० आहे, मायलिनची पी-झिरो आणि एमबीपी ही प्रथिनं भरपूर आहेत. पी-७५ नाही, जीएफएपी नाही.
- रेमाक पेशी: सॉक्स-१० आहे, एस-१०० आहे, पी-७५ आहे, जीएफएपी आहे. क्रॉक्स-२० नाही.
- दुरुस्तीची पेशी: सॉक्स-१० आहे, एस-१०० आहे, पी-७५ आहे, जीएफएपी आहे, आणि सी-जून नावाचं प्रथिन खूप वाढलेलं आहे.

६) कोडं

आता वर्गाला कोडं घाला. एका बशीतल्या पेशींमध्ये पी-७५ चकाकतं आहे. अवस्था कोणती?

मुलं यादी बघतात आणि गोंधळतात. पूर्वज, अपरिपक्व, रेमाक, दुरुस्तीची, चारही ठिकाणी पी-७५ 'आहे'. मग म्हणतात, "मॅडम, एस-१०० पण बघा." एस-१०० आहे असं सांगा. आता पूर्वज गळाली, तरी तीन उरल्या. "जीएफएपी?" तेही आहे. अजून तीनच. "क्रॉक्स-२०?" नाही. तरी तीनच!

म्हणजे चार खुणा बघूनही गर्भातली अपरिपक्व पेशी, प्रौढ रेमाक पेशी आणि जखमेनंतरची दुरुस्तीची पेशी या तिघी एकसारख्याच दिसतात. एक अजून वाढायची आहे, एक वाढून आपलं काम करते आहे, आणि एक मोठी होऊन, संकट बघून नव्या कामाला लागली आहे. तिघींना एकच नाव दिलं तर केवढी चूक होईल!

म्हणून शास्त्रज्ञ आणखी तीन गोष्टी विचारतात.

पहिली, पेशी आली कुठून? गर्भातून, प्रौढ चेतेतून, की जखमी चेतेतून? पेशीचा दाखलाच म्हणा.

दुसरी, खूण नुसती आहे की किती आहे? सी-जून अपरिपक्व पेशीतही थोडं असतं, दुरुस्तीच्या पेशीत ते खूप वाढतं. नुसत्या 'हो-नाही'ने भागत नाही, मोजावं लागतं. शिवाय नेहमीच्या चार-पाच खुणांपलीकडे जाऊन शेकडो जनुकांपैकी कोणती चालू आणि कोणती बंद आहेत, हेही आता बघता येतं.

तिसरी आणि सगळ्यात महत्त्वाची, पेशी करते काय?

७) शेवटची परीक्षा: काम

पूर्वज आणि अपरिपक्व पेशींतला फरक १९९४ च्या सुमारास स्पष्ट झाला, तो अशाच एका कामाच्या परीक्षेतून. चेतेतून काढून बशीत एकटं ठेवलं, वाढीला मदत करणारं कोणतंही प्रथिन दिलं नाही. पूर्वज पेशी साधारण दिवसभरात मरून गेल्या. अपरिपक्व पेशी जगल्या. पूर्वज पेशी जगण्यासाठी अक्षतंतूवर अवलंबून असते. अपरिपक्व पेशी मात्र आपल्याला लागणारी जीवनद्रव्यं स्वतः बनवायला शिकलेली असते.

दुसरी परीक्षा मायलिनची. बशीत चेतापेशी वाढवायच्या, त्यांचे अक्षतंतू पसरू द्यायचे आणि मग श्वान पेशी सोडायच्या. द्रावणात क जीवनसत्त्व घालायचं. हो, आवळ्यातलं आणि लिंबातलं तेच. त्याच्या मदतीने श्वान पेशी आपल्याभोवती एक पातळ पाया-पटल तयार करते, आणि ते झाल्यावर मायलिन गुंडाळायला लागते. काही आठवड्यांत अक्षतंतूंवर मायलिनचे तुकडे दिसले, तर या पेशींमध्ये ती कुवत होती हे सिद्ध झालं. नाही दिसले, तर खुणा कितीही चांगल्या असोत, काहीतरी राहिलं आहे.

इथे मुद्दा फक्त पुस्तकी नाही. अपघातात चेतेचा मोठा तुकडा गेला, तर तिथे वाढवलेल्या श्वान पेशी घालून चेता जोडता येईल का, यावर जगभर संशोधन चालू आहे. बशीतल्या पेशींत तंतुजनक पेशींचं तण राहिलं, किंवा पेशी चुकीच्या अवस्थेत असल्या, तर जोडलेल्या जागी मदतीऐवजी अडथळा होऊ शकतो. चाळीत ओल्या मानेचा कांदा टाकल्यासारखंच ते.

८) मुंबईत झालेलं काम

आता मुलीच्या मूळ प्रश्नाकडे येऊ. कुष्ठरोगाचा जंतू नॉर्वेच्या हॅन्सनने १८७३ साली शोधला. दीडशे वर्षं झाली, पण हा जंतू नुसत्या पोषक द्रावणात आजही वाढवता येत नाही. तो वाढतोही फार सावकाश, एकाचे दोन व्हायला जवळजवळ दोन आठवडे लागतात. त्याला शरीराचे थंड भाग आवडतात, म्हणून कातडीजवळून जाणाऱ्या चेता त्याला सापडतात.

मुंबईत डॉ. नोशीर अंतिया हे प्लास्टिक सर्जन होते. कुष्ठरोगाने वाकड्या झालेल्या हातांवर आणि चेहऱ्यांवर त्यांनी शस्त्रक्रिया केल्या. पण हात सरळ केला तरी त्याची जाणीव परत येत नव्हती. चेतेत नेमकं काय होतं, हे कळल्याशिवाय पुढे जाता येणार नव्हतं. त्यांनी उभारलेल्या फाउंडेशन फॉर मेडिकल रिसर्च या मुंबईच्या संस्थेत १९८० च्या सुमारास उंदराच्या चेतांच्या गाठी बशीत जगवून, त्यांतल्या श्वान पेशींना कुष्ठजंतू दिले की काय होतं, हे बघण्याचं काम झालं. पेशींमध्ये नवा डीएनए बनण्यावर काय परिणाम होतो, हा त्यांतला एक प्रश्न होता. आजच्या चकाकत्या खुणांपैकी बऱ्याच तेव्हा हाताशी नव्हत्या. तरी प्रश्न तोच होता: जंतू शिरल्यावर ही पेशी कोणत्या अवस्थेत आहे?

पुढे २०१३ साली एडिनबर्गच्या शास्त्रज्ञांना एक वेगळंच दिसलं. त्यांनी प्रौढ उंदराच्या श्वान पेशी बशीत वाढवल्या आणि त्यांना कुष्ठजंतूंची लागण केली. काही काळाने पेशींमधली सॉक्स-१० ही खूण गेली. वरची यादी पुन्हा बघा, सॉक्स-१० पाचही अवस्थांत आहे! म्हणजे ही पेशी आता श्वान पेशीच राहिली नव्हती. फक्त ही खूण बघून थांबले असते, तर 'पेशी बिघडल्या' एवढंच लिहिलं असतं. त्यांनी इतर जनुकंही बघितली. गर्भातल्या सुरुवातीच्या काळातली जनुकं पुन्हा चालू झाली होती. मग त्यांनी काम बघितलं. या पेशी स्नायूंच्या पेशींकडे वळू शकत होत्या. जंतूने पेशीला मूलपेशीसारखं करून टाकलं होतं, आणि अशा पेशींबरोबर तो इतर ऊतींत पसरू शकत होता. हे उंदरांत आणि बशीत दिसलं आहे, एवढं मात्र वर्गात स्पष्ट सांगा.

९) वर्गात घेता येईल असा उपक्रम

श्वान पेशी शाळेत आणता येणार नाहीत. कांदा मात्र आणता येतो.

१. कांद्याची जुनी वाळलेली मुळं काढा. पाणी भरलेल्या ग्लासच्या तोंडावर कांदा असा ठेवा, की फक्त त्याचा तळ पाण्याला टेकेल. दोन ते चार दिवसांत पांढरी मुळं येतात.

२. एका मुळाचे दोन तुकडे घ्या. एक अगदी टोकाचा, दोन-तीन मिलिमीटरचा. दुसरा टोकापासून एक सेंटिमीटर वरचा. दोन्ही वेगळ्या काचपट्ट्यांवर ठेवा.

३. विरल हायड्रोक्लोरिक आम्लात तुकडे मऊ करा. हे काम शिक्षकांनीच करायचं. मग अॅसिटोकार्मिनने रंगवा, वर आच्छादन काच ठेवून हलकेच दाबा.

४. प्रत्येक मुलाने दहा-दहा पेशी बघून तीन गोष्टी लिहायच्या: आकार चौकोनी की लांबट, पेशीच्या मानाने केंद्रक मोठं की लहान, गुणसूत्रं दिसतात की नाही.

टोकाकडच्या पेशी लहान, चौकोनी, मोठ्या केंद्रकाच्या दिसतील. काहींमध्ये गुणसूत्रं दिसतील. वरच्या तुकड्यात लांबट पेशी असतील.

आता प्रश्न विचारा: टोकाजवळच्या ज्या पेशीत गुणसूत्रं दिसली नाहीत, तिचं विभाजन थांबलं आहे का? घाई करणारी मुलं "हो" म्हणतील. पण कोणत्याही एका क्षणी टोकाकडच्या बहुतेक पेशी दोन विभाजनांच्या मधल्या तयारीत असतात. आपण बघितलं त्या क्षणी खूण दिसली नाही, एवढंच.

१०) पालकांसाठी

आता घरातली गोष्ट. मुलाच्या अंगावर फिकट किंवा लालसर डाग दिसला, तर लगेच कुष्ठरोगाची भीती धरू नका. मुलांना असे डाग बऱ्याच साध्या कारणांनीही येतात. पण डाग आहे आणि त्या जागी स्पर्श, चटका किंवा टोचलेलं कमी कळतं, तर मात्र थांबू नका. डाग आणि बधिरपणा या दोन खुणा एकत्र आल्या, की प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा किंवा आशाताईंना सांगा. डॉक्टर चेता जाड झाली आहे का हे हाताने तपासतात, आणि गरज वाटली तर कातडीतला द्रव घेऊन जंतूही बघतात.

कुष्ठरोग पूर्ण बरा होतो. बहुविध औषधोपचार सरकारी दवाखान्यात मोफत मिळतो. रोगाच्या प्रकारानुसार तो सहा किंवा बारा महिने घ्यावा लागतो. जंतू औषधाने मरतात. पण उशीर झाला आणि चेता गेली, तर तिची जाणीव बहुधा परत येत नाही. म्हणून लवकर ओळखणं महत्त्वाचं. आणि बरं झालेल्या माणसाला, त्याच्या मुलांना लांब ठेवायचं कोणतंही कारण नाही.

वर्गात पाठ संपल्यावर ज्या मुलीने प्रश्न विचारला होता, ती म्हणाली, "मॅडम, म्हणजे एका चाचणीचे मार्क बघून 'हा कच्चा आहे' म्हणतात, ते पण पी-७५ सारखंच ना?" वर्ग हसला. मी पण हसले. पण त्या दिवशी प्रगतिपुस्तकांवर शेरे लिहायचे होते, आणि दोन शेरे मी खोडून पुन्हा लिहिले.

स्वाध्याय

१. मायलिनवाल्या पेशीत कोणत्या दोन खुणा नसतात? त्या रेमाक पेशीत असतात का?

२. प्रौढ चेतेतून काढलेली श्वान पेशी बशीत प्रौढच राहते, हे विधान बरोबर की चूक? कारण लिहा.

३. पूर्वज आणि अपरिपक्व पेशी ओळखण्यासाठी कामाची कोणती परीक्षा घेतली?

४. तुमच्या घरी किंवा शेतात एखादी गोष्ट 'तयार झाली' हे कसं ओळखतात? कमीत कमी तीन खुणा लिहा, आणि त्यांपैकी एकच बघितली तर काय चूक होईल ते सांगा. द्राक्ष, मका, दही, भाकरीचं पीठ, काहीही चालेल.

चौथ्या प्रश्नाची उत्तरं जपून ठेवा. आमच्या वर्गात दह्यावरच अर्धा तास वाद झाला.